दहापैकी आठ मिळाले, तरी भांडण का? रिव्ह्यू, चाहते आणि तुमचा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता, ‘एक स्टारचा रिव्ह्यू आला, आता काय करायचं?’ व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून त्यातला एक मुद्दा इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण धंद्याचं नाही, अमेरिकेतल्या गाण्यांच्या अल्बमचं आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. वाचताना अल्बमच्या जागी तुमचं दुकान, पार्लर, क्लास, खानावळ, काहीही ठेवा.

आधी प्रकरण समजून घेऊ

अमेरिकेत ‘पिचफोर्क’ नावाचं संगीत-समीक्षेचं एक प्रकाशन आहे. नव्वदच्या दशकात ते सुरू झालं आणि बघता बघता त्याचा दबदबा तयार झाला. त्यांची खासियत म्हणजे प्रत्येक अल्बमला ० ते १० मध्ये गुण, आणि तेही दशांशात. कुणाला ७.४, कुणाला ६.५. अगदी शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं.

२४ जुलै २०२० ला टेलर स्विफ्ट या गायिकेचा ‘फोकलोर’ हा अल्बम आला. पिचफोर्कने त्याला ८.० गुण दिले. दहापैकी आठ! आपल्याकडे पोराने ऐंशी टक्के आणले तर घरात पेढे येतात. समीक्षाही कौतुकाचीच होती. पण कट्टर चाहते भडकले. कारण ‘मेटाक्रिटिक’ नावाच्या ठिकाणी सगळ्या समीक्षांचे गुण एकत्र करून सरासरी काढतात, आणि या आठ गुणांमुळे ती सरासरी खाली येणार होती.

मग सुरू झाली ट्विटरवर लढाई. ‘हिला संगीतातलं काय कळतं?’ इथपर्यंत ठीक होतं. पण काही जण तिथे थांबले नाहीत. समीक्षिकेचा पत्ता आणि फोन नंबर शोधून पसरवला गेला. तिला धमक्या आल्या. एक मत लिहिलं म्हणून एका बाईला स्वतःच्या घरात भीती वाटायला लागली.

आता हिशेब बघा. अल्बम अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. मार्च २०२१ मध्ये त्याला ‘अल्बम ऑफ द इयर’चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. म्हणजे त्या आठ गुणांनी काडीचंही नुकसान झालं नव्हतं. नुकसान केलं ते बाजू घ्यायला धावलेल्या माणसांनी.

धडा १ : भीती आली की कौतुकाचीही किंमत जाते

हा आजचा मुख्य धडा. वहीत लिहून ठेवा.

एप्रिल २०२४ मध्ये याच गायिकेचा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ हा अल्बम आला. ‘पेस्ट’ या अमेरिकन मासिकाने त्याच्यावर कडक टीका केली, पण समीक्षेखाली लेखकाचं नाव छापलं नाही. कारण त्यांनीच सांगितलं : २०१९ मध्ये तिच्या ‘लव्हर’ अल्बमची समीक्षा लिहिणाऱ्याला मारहाणीच्या धमक्या आल्या होत्या, आणि आम्हाला नावापेक्षा आमच्या माणसांची सुरक्षा महत्त्वाची वाटते.

आता एखादा साधा श्रोता काय विचार करेल? ‘टीका करायला लोक घाबरतात. मग ज्यांनी कौतुक केलंय, ते मनापासून केलंय की घाबरून?’ बघा, चाहत्यांना वाटलं आपण आपल्या आवडत्या गायिकेची इज्जत राखली. प्रत्यक्षात तिच्या खऱ्या कौतुकावरही त्यांनी संशयाचा डाग पाडला.

तुमच्या धंद्यातही हेच होतं. नवीन ग्राहक तुमचे पन्नास चांगले रिव्ह्यू भराभर वर सरकवतो आणि सगळ्यात वाईट रिव्ह्यूवर थांबतो. त्याखाली तुमचा मेव्हणा, तुमचा मित्र आणि तुमचा कामगार त्या माणसाशी भांडताना दिसले, तर तो काय शिकतो? ‘इथे काही बिनसलं तर ऐकून घेणार नाहीत, वर आपल्यालाच झापतील.’ झालं, गिऱ्हाईक गेलं. आणि ते का गेलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

धडा २ : ‘तुला स्वतःला येतं का?’ हे उत्तर नाही

एप्रिल २०१९ मध्ये लिझो या गायिकेच्या अल्बमला पिचफोर्कने ६.५ दिले. तिने चिडून जाहीर लिहिलं, की जे स्वतः संगीत करत नाहीत आणि समीक्षा लिहितात, त्यांना कामच मिळू नये. नंतर तिने ते काढून टाकलं, पण तोवर बातम्या झाल्या होत्या.

जानेवारी २०२० मध्ये हॉल्सी या गायिकेचं तर आणखी अवघड झालं. तिलाही ६.५ मिळाले. रागात तिने लिहिलं, की ज्या तळघरातून हे लोक काम करतात ते कोसळू दे एकदाचं. पण पिचफोर्कचं ऑफिस होतं न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे २००१ च्या हल्ल्यात जिथे इमारती कोसळल्या त्याच जागेवर! तिला ते माहीत नव्हतं. तिने लिहिलेलं काढून टाकलं आणि खुलासाही केला. पण चर्चा अल्बमची राहिली नाही, त्या एका वाक्याची झाली.

लक्षात ठेवा, भाजी खारट झाली हे सांगायला स्वयंपाक यावा लागत नाही. जेवणाऱ्याला जीभ आहे, तेवढं पुरे.

धडा ३ : आधी रिव्ह्यूचा प्रकार ओळखा

तक्रार : ‘ऑर्डर उशिरा आली, ब्लाउज घट्ट झाला.’ यात माहिती आहे. उत्तर द्या, दुरुस्त करा.

मत : ‘ठीक आहे, पण मला फार आवडलं नाही.’ फोकलोरचे आठ गुण या प्रकारातले. धन्यवाद म्हणा आणि पुढे चला.

डिवचणं : २००६ मध्ये ‘जेट’ या ऑस्ट्रेलियन बँडच्या अल्बमला पिचफोर्कने ०.० दिले आणि समीक्षेच्या जागी एका माकडाचा व्हिडिओ लावला. एक शब्द नाही! अशा रिव्ह्यूत उत्तर देण्यासारखं काही नसतंच. तो खोटा असेल, तो माणूस तुमच्याकडे आलाच नसेल, तर गुगलकडे रिपोर्ट करा. भांडू नका.

आणि थोडा धीर धरा. २००३ मध्ये लिझ फेअर या गायिकेच्या अल्बमलाही ०.० मिळाले होते. २०१९ मध्ये ते लिहिणाऱ्या समीक्षकाने जाहीर माफी मागितली आणि तिनेही ती मोठ्या मनाने घेतली. २०२१ मध्ये पिचफोर्कने काही जुने गुण बदलले, त्यात या अल्बमचे ०.० चे ६.० झाले. सोळा-अठरा वर्षं लागली. पण मत बदललं ते कुणी दम दिला म्हणून नाही, अल्बम पुन्हा ऐकला म्हणून.

आता तुमचं काम

१. वाईट रिव्ह्यू आला की त्या दिवशी उत्तर लिहू नका. रात्र जाऊ द्या.

२. तो फॅमिली ग्रुपवर, मित्रांच्या ग्रुपवर टाकून ‘जरा सपोर्ट करा’ म्हणू नका. तुम्ही म्हणता सपोर्ट, ते समजतात हल्ला.

३. तुमच्या माणसांनी भांडण सुरू केलं, तर तुम्ही स्वतः थांबवा. ‘ते आमचे ग्राहक आहेत, त्यांचा अनुभव त्यांनी लिहिलाय’ एवढं एक वाक्य पुरतं. मालक गप्प बसला तर लोक त्याची संमती धरतात.

४. हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या समीक्षिकेचा नंबर लोकांना शोधावा लागला. तुमच्याकडे तर ग्राहकाचा नंबर आणि पत्ता बिलावरच आहे! तो वापरून ‘रिव्ह्यू काढा’ म्हणून रोज फोन करू नका, आणि कुणालाही देऊ नका. ग्राहकाने नंबर पार्सलसाठी दिलाय. आणि धमकी देणं हा तर सरळ गुन्हाच आहे.

५. उत्तर चार ओळींत संपवा. उदाहरणार्थ : ‘नमस्कार, त्या दिवशी आमच्याकडून उशीर झाला हे खरं आहे. त्याबद्दल क्षमस्व. आता संध्याकाळच्या ऑर्डरसाठी वेगळा माणूस ठेवला आहे. पुन्हा एक संधी द्या.’ हे त्या एका माणसासाठी नसतं, नंतर वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असतं.

गृहपाठ : तुमच्या दुकानाचे सगळ्यात वाईट तीन रिव्ह्यू उघडा. प्रत्येकापुढे लिहा : तक्रार, मत की डिवचणं? मग खालची उत्तरं नवीन ग्राहकाच्या नजरेने वाचा. अशा दुकानात तुम्ही स्वतः गेला असता का?

जे उत्तर येईल ते कमेंटमध्ये कळवा. पुढच्या धड्यात बघू, समाधानी ग्राहकाकडे रिव्ह्यू मागायचा कसा, तोही आमिष न दाखवता. भेटूया!