घरची वाट, बल्गेरियामार्गे



युरोपचा नकाशा समोर ठेवून हा पाठ वाचावा.

समजा, एका कुटुंबाने हिवाळा ग्रीसमध्ये घालवला आणि आता ते व्हॅनने आपल्या घरी, आयर्लंडला, परत निघाले आहे. बरोबर दोन कुत्री आहेत. ग्रीस, बल्गेरिया, रोमानिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी, फ्रान्स आणि शेवटी बोटीने आयर्लंड, असे आठ देश. माणसे तर जातील. पण कुत्र्यांना कोण जाऊ देणार, आणि का?

वाट

ग्रीसची सीमा ओलांडली की बल्गेरियातले पहिले ठाणे कुलाता. पूर्वी येथे गाड्यांच्या रांगा लागत. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया व रोमानिया शेंगेन व्यवस्थेत पूर्ण सामील झाले आणि या सीमेवरील नेहमीची तपासणी बंद झाली. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियात लेव्ह हे जुने चलन जाऊन युरो आला. महामार्गावर जाण्याआधी मात्र रस्ता-कर भरावा लागतो. २०१९ पासून तो गाडीच्या क्रमांकावर संगणकात नोंदला जातो, काचेवर कागद चिकटवावा लागत नाही.

पुढे रस्ता स्त्रुमा नदीच्या काठाने क्रेस्नाच्या अरुंद घळीतून जातो. येथे कासवे व इतर दुर्मिळ जीव आहेत. त्यामुळे महामार्ग या घळीतून न्यावा की नाही, यावर अनेक वर्षे वाद चालला आहे. नंतर राजधानी सोफिया आणि त्यापुढे स्टारा प्लानिना म्हणजे 'जुना डोंगर'. यालाच बाल्कन पर्वत म्हणतात व सगळ्या द्वीपकल्पाला त्याचेच नाव मिळाले आहे.

या डोंगरांत मेंढ्यांची राखण करणारी काराकाचान जातीची दांडगी कुत्री असतात. कळपाजवळ परके कुत्रे आले तर ती सोडत नाहीत. म्हणून प्रवासी आपली कुत्री साखळीनेच फिरवतात. गंमत म्हणजे बल्गेरियन भाषेत कुत्र्याला 'कुचे' म्हणतात! पण एवढ्यावरून आपल्या 'कुत्र्या'शी लगेच नाते जोडू नये.

उत्तरेस डॅन्यूब नदी. बल्गेरिया आणि रोमानिया यांची सीमा या नदीने सुमारे ४७० किलोमीटर आखली आहे आणि एवढ्या लांबीत पूल फक्त दोन : रुसे येथील १९५४ चा आणि विदिन येथील २०१३ चा. आपले कुटुंब विदिनचा पूल ओलांडून रोमानियात जाईल.

कुत्र्याचा पासपोर्ट

सीमेवर कोणी थांबवले नाही म्हणून नियम संपले असे नाही. युरोपीय संघात २००४ पासून पाळीव कुत्र्यांनाही पासपोर्ट असतो. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात. तिचा १५ अंकी क्रमांक पासपोर्टात लिहितात. मग रेबीजची लस. पिल्लू किमान १२ आठवड्यांचे असावे आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावे. आधी चिप, नंतर लस. क्रम उलटा झाला तर ती लस धरली जात नाही.

आयर्लंडची एक अट जास्त आहे. कोल्ह्यांत व कुत्र्यांत आढळणारा एक पट्टकृमी त्या बेटावर नाही. माणसाच्या शरीरात गेल्यास तो यकृत पोखरतो. म्हणून तेथे पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याकडून जंताचे औषध द्यावे लागते आणि वेळेसह नोंद करावी लागते. व्हॅन फ्रान्सच्या बंदरावर पोचली आणि ही नोंद नसली, तर घर समोर असूनही कुत्री बोटीत चढू शकत नाहीत.

भारतातून युरोपात कुत्रा न्यायचा तर आणखी वेळ लागतो. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि त्यानंतर ३ महिने प्रतीक्षा. परदेशी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे तिकीट काढण्याआधी पाहावे.

एवढी कडक शिस्त कशासाठी?

कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली व तो वाचला. स्वित्झर्लंडने १९७८ मध्ये कोंबडीच्या डोक्यांत लस भरून ती जंगलातील कोल्ह्यांना खाऊ घातली. पश्चिम युरोपातील कोल्ह्यांचा रेबीज अशाच सततच्या मेहनतीने हटला.

आपल्या देशात हा रोग आजही आहे आणि बळींत मुले पुष्कळ असतात. रागावतील या भीतीने मुले घरी सांगत नाहीत. पालकांना माझी विनंती आहे की अशा वेळी मुलाला रागावू नये. कुत्रा चावला किंवा ओरखडा निघाला तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी, हळद-मिरची लावू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. घरच्या कुत्र्याला दर वर्षी लस द्यावी.

स्वाध्याय

१. पिल्लू जन्मल्यापासून कमीत कमी किती दिवसांनी या प्रवासास निघू शकेल?

२. बोट आयर्लंडला शनिवारी सकाळी ११ वाजता पोचणार आहे. जंताचे औषध केव्हापासून केव्हापर्यंत देता येईल?

३. घरातील किंवा गल्लीतील कुत्र्यांना लस टोचली आहे का, याची मोठ्यांकडे चौकशी करून पाच ओळी लिहा.

— प्राचार्य