कोरडा घट : पारख आणि निवड

भिंतीवरील घड्याळ, विजेरी, दूरनियंत्रक, लहान भावंडांची खेळणी, आजोबांचा ट्रान्झिस्टर ही सारी ज्याच्या बळावर चालतात, त्या सेलकडे आपले लक्ष तो संपल्यावरच जाते. मग आपण दुकानी जाऊन ‘दोन सेल द्या’ एवढेच म्हणतो. कोणते, हे सांगत नाही. मध्यरात्री वीज गेली आणि घरात कोणी आजारी असले, म्हणजे या अनास्थेचे मोल कळते. सबब या लहानशा वस्तूचा थोडा अभ्यास करू.

फ्रान्समधील लेक्लांशे यांनी 1866 मध्ये जस्त, कार्बन व मँगेनीज डायऑक्साइड यांचा घट तयार केला. त्यात द्रव असल्याने तो हलविणे गैरसोयीचे होते. जर्मनीतील गास्नर यांनी 1886 मध्ये द्रवाऐवजी ओलसर लगदा वापरून त्याला कोरडे रूप दिले. यातील मँगेनीज डायऑक्साइड आपल्याला परके नाही. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीचे खनिज सेलच्या कारखान्यांत वापरले जाते.

आज बाजारात मुख्यतः तीन जातींचे सेल मिळतात. पहिला जस्त-कार्बनचा, सर्वांत स्वस्त. त्याचे जस्ताचे भांडे हेच त्याचे इंधन असल्याने ते झिजत जाते, व जुना सेल पाझरून उपकरण खराब करतो. दुसरा अल्कलाइन. हा महाग, पण मंद वापरात साधारण दुपटी-अडीचपटीने टिकतो, आणि प्रवाह जास्त लागला की हा फरक आणखी वाढतो. पाझरण्याचा दोष मात्र त्यालाही आहे. तिसरा लिथियमचा. हा वजनाने हलका, कडाक्याच्या थंडीतही काम देणारा आणि दहा वर्षांहून अधिक काळ साठविता येणारा, परंतु किमतीने सर्वांत भारी.

जात ओळखण्याची खूण वेष्टनावरच असते. पेन्सिल सेलवर ‘आर 6’ असेल तर तो जस्त-कार्बनचा, ‘एलआर 6’ असेल तर अल्कलाइन, आणि ‘एफआर 6’ असेल तर लिथियमचा. बारीक पेन्सिल सेलला 6 च्या जागी 03, तर विजेरीच्या मोठ्या सेलला 20 हा आकडा असतो. सोबत आय. एस. आय. चिन्ह व मुदतीची तारीखही पाहावी.

मग सर्वांत महाग सेल तोच सर्वांत चांगला काय? तसे नव्हे. उपकरणाची भूक पाहून सेल निवडावा. साधे घड्याळ एका मिलिअँपिअरचा काही दशांश एवढाच प्रवाह घेते. त्याला आणि दूरनियंत्रकाला स्वस्त सेल पुरतो, मात्र तो वेळच्या वेळी बदलावा. मोटारीचे खेळणे किंवा प्रखर विजेरी यांना अल्कलाइन घ्यावा. समजा, एक सेल 10 रुपयांना मिळून 2 तास चालला व दुसरा 25 रुपयांना मिळून 8 तास चालला. पहिल्याचा ताशी खर्च 5 रुपये, दुसऱ्याचा सुमारे 3 रुपये. तेव्हा स्वस्त कोणता, ते आपणच ठरवा. जानापावच्या सहलीला अल्कलाइन पुरेसा आहे. हिमालयातील बर्फात जावयाचे असेल, तरच लिथियमचा विचार करावा. रोज वापरावयाच्या वस्तूंना पुन्हा भारित होणारे घट परवडतात.

निवडीइतकीच निगाही महत्त्वाची. कोकणातील दमट हवा जशी सेलला मारक, तसाच माळव्यातील वैशाखाचा उकाडाही. उष्णतेने सेल न वापरताही झिजतो. म्हणून तो थंड, कोरड्या जागी ठेवावा. जुना व नवा, अथवा दोन जातींचे सेल एकत्र घालू नयेत. अडीअडचणीची विजेरी महिनोन्महिने पडून राहणार असेल, तर अल्कलाइन सेल काढून तिच्याशेजारीच ठेवावेत व महिन्यातून एकदा घालून पाहावेत.

एक गोष्ट कधीही विसरू नये. बटणासारखा चपटा लिथियम सेल लहान मुलाने गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतील भाग गंभीरपणे भाजू शकतो. नुसता संशय आला तरी विलंब न करता रुग्णालय गाठावे.

संपलेला सेल आगीत टाकू नये, ओल्या कचऱ्यातही नको. 2017 पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या ठरलेल्या आपल्या इंदूरमध्ये घातक कचरा वेगळा देण्याची सोय आहे. तिचा लाभ घ्यावा.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीत घरातील प्रत्येक सेलची यादी करा : उपकरण, सेलची जात, घातल्याची तारीख आणि संपल्याची तारीख. वर्षअखेर ती वही चाळली, म्हणजे आपल्या घरी कोणत्या उपकरणाला कोणता सेल योग्य, हे कोणाला विचारावे लागणार नाही.