व्यसनमुक्ती आणि मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण

बी. ए. ला मानसशास्त्र घेतलेली मुले-मुली "पुढे काय करावे?" असे विचारीत आमच्याकडे येतात. बहुतेक जण बी. एड.कडे किंवा स्पर्धा परीक्षेकडे वळतात. त्यात गैर काही नाही. परंतु व्यसनाधीनतेचा अभ्यास हीदेखील याच विषयाची एक शाखा आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या समस्येवर मदतीची गरज होती. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते.

हा विषय शिकल्याने दृष्टी कशी बदलते, याचे एक उदाहरण घेऊ. तीन महिने दारू सोडलेला माणूस एखाद्या लग्नात पितो. घरचे म्हणतात, "शपथ घेतली आणि मोडली. हा सुधारायचा नाही." तोही मनाशी तेच म्हणतो आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखा पिऊ लागतो. आम्हीही एकेकाळी घरच्यांच्याच बाजूने बोलत होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी १९८५ साली ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह संपादित केलेल्या ग्रंथात पहिली चूक आणि पूर्ण घसरण यांत फरक केला आहे. पहिल्या पेल्यानंतर "आता सगळे संपले" असा जो विचार मनात येतो, तोच माणसाला खाली ओढतो. म्हणून अभ्यासक "का प्यालास?" असे दरडावून विचारीत नाही. कुठे होतास, बरोबर कोण होते, त्याआधी घरात काय झाले, असे तो विचारतो. उत्तरांतून धोक्याचे प्रसंग कळतात आणि पुढच्या लग्नाची तयारी करता येते. आपण पंचशील घेतो, त्यातील पाचवे शील ज्याच्या हातून मोडते त्याला विहारात यायची लाज वाटू लागते; तो दूर राहतो आणि पिणाऱ्यांतच अधिक रमतो. हे आपण पाहिलेले आहे.

बोलण्याने खरेच फरक पडतो काय? गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत याची रीतसर चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या, पण या कामासाठी तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. फरक फार मोठा नाही, पण खर्चाच्या मानाने आम्हाला तो मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र घरी करू नये. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम बंद करणे धोक्याचे आहे. दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भास आणि भ्रम होऊ शकतात. प्रसंगी प्राणही जातो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडेच न्यावे. आपले काम कोठे संपते व डॉक्टरचे कोठे सुरू होते, हेही विद्यार्थ्याला शिकावे लागते.

आता शिक्षणाविषयी. एम. ए. दोन वर्षांचे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते, साध्या एम. ए.वर ती मिळत नाही. या अभ्यासक्रमांत सध्या फेरबदल होत असल्याने पैसे भरण्यापूर्वी मान्यतेचा कागद पाहावा. बंगळूरच्या निम्हान्समध्ये व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. अर्ज भरण्याआधी विद्यार्थ्याने अशा एखाद्या केंद्रात जाऊन, परवानगी घेऊन, रुग्णांच्या बायकांजवळ थोडा वेळ बसावे व त्या काय विचारतात ते लिहून आणावे. मग आमच्याकडे यावे. पुस्तके आम्ही देऊ.