परदेशी व्यवसायबंधु आणि यजमान गांव

परक्या देशांतील समव्यवसायी मनुष्य चार दिवस आपल्या घरीं उतरावा व त्यानें आपलें काम जवळून पाहावें, यासारखा ज्ञानाचा स्वस्त मार्ग आम्हांस दुसरा आढळला नाहीं. आपल्या सोसायटीच्या गांवींही पुढेंमागें असे पाहुणे येतील. अशा परस्परभेटींची व्यवस्था कशी असते, हें एका पूर्वीच्या योजनेवरून वाचकांपुढें मांडतों.

रोटरी फाउंडेशननें १९६५ सालीं 'ग्रूप स्टडी एक्स्चेंज' ही योजना काढली. निरनिराळ्या देशांतील रोटरीच्या दोन विभागांची जोडी ठरे. इकडील संघ तिकडे जाई, तिकडील इकडे येई. संघाचा पुढारी रोटरीचा सभासद असे. बाकीचे, बहुधा चौघे, मात्र सभासद नसलेले, २५ ते ४० वर्षें वयाचे व आपापल्या धंद्यांत पडलेले असत. सभासदांच्या जवळच्या नातलगांस त्यांत मज्जाव होता, हें कलम आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. मुदत चार ते सहा आठवडे. येण्याजाण्याचें भाडें फाउंडेशन देई. जेवण, मुक्काम व तेथील फिरणें यजमानांकडे. उतरावयाचें तें यजमानाच्या घरीं, आणि सगळें मर्म यांतच होतें. ही योजना २०१३ सालीं बंद झाली. शेतकरी तरुणांची अशीच अदलाबदल अमेरिकेंत १९४८ पासून सुरू झाली. तींत पाहुणा शेतकऱ्याच्या कुटुंबांत राहून त्याच्या बरोबरीनें काम करी.

आतां यजमानाचें कर्तव्य. आमची हयात महसूल खात्यांत गेली. साहेबांचा दौरा ठरला कीं चावडीस चुना लागे, दप्तरें झटकलीं जात, साहेब संतोषानें परतत आणि गांव होतें तसेंच राही. परदेशी पाहुण्याचाही आपण असाच दौरा केला, हार घातले, तुतारी वाजविली, सोसायटीच्या इमारतीपुढें छायाचित्र काढिलें, तर दोघांचाही दिवस फुकट गेला. त्यास चोपण झालेलें रान दाखवावें, आटलेली विहीर दाखवावी, पिकाचा जमाखर्च मांडून दाखवावा. आणि मग त्यास विचारावें कीं, तुमच्याकडे कापणीस मजूर कोठून येतात, कर्ज किती असतें, भाव पडला तर काय करतां?

दुभाषा निवडतांना इंग्रजीपेक्षां शेतीचें ज्ञान पाहावें. 'वाफसा' या एका शब्दांत पेरणीची अर्धी विद्या आहे. ओल म्हणजे चिखल नव्हे, मातींत पाणी व हवा दोन्हीं बेतानें असावीं लागतात, हें ज्यास ठाऊक नाहीं तो त्याचें भाषांतर 'ओली जमीन' असें करून मोकळा होईल.

दुसरें असें कीं, पाहुणचाराचा भार चुलीपाशीं पडतो. खुरपणी, गुरें व बियाणें ज्या बायांच्या हातीं, त्याच पुरणपोळ्या लाटींत बसतात आणि बोलणें ओसरीवर पुरुषांचें चालतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. तें शिकावयास देशोदेशींचे लोक येत गेले, तेव्हां शिकविणाऱ्यांत गांवच्या आरोग्यसेविका होत्या. त्यांपैकीं पुष्कळींस शाळा फारशी लाभली नव्हती. मग आपल्या घरीं पिठलें-भाकरी करून बायांस पाहुण्यापाशीं बसूं द्यावयास काय हरकत आहे?

परतभेटीस कोण जाणार, हें पाहुणा येण्यापूर्वींच सभेंत ठरवावें. अध्यक्षांचा भाचा नको. स्वतः शेत कसणारा हवा. तो परत आल्यावर महिन्याच्या आंत त्यानें सभेपुढें पाहिलेलें सांगावें, खर्चाचा हिशेब द्यावा, व दोहोंची नोंद सोसायटीच्या इतिवृत्तांत व्हावी.