पाहुणा हे आंतरपीक

सोलापूर

चि. अनिकेत,

तुझा कृषी पर्यटनाचा आराखडा मोबाइलवर मिळाला. चित्रं झकास आहेत. आठ कॉटेज, पोहायचा तलाव, सेल्फी पॉइंट, भाड्याची बैलगाडी. ज्वारी मात्र कुठे दिसली नाही. चार एकरांत एवढं सगळं बसवल्यावर पेरायला किती गुंठे उरतात, ते एकदा टेप धरून मोज.

ताईला कर्जाची धास्ती आहे, मला रानाची. इटलीत शेतीपर्यटनाचा कायदा १९८५ सालीच झाला. त्याची मूळ अट अशी की शेती हाच मुख्य धंदा राहायला हवा, पाहुणचार तिच्या जोडीला. आपल्या राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, तेही जोडधंदा म्हणूनच. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून टाक, त्यात आळस नको. पण एवढं धरून चाल की पाहुणा हे आंतरपीक आहे. मुख्य पिकाचं पाणी पिणारं आंतरपीक शहाणा माणूस घेत नाही.

सुरुवात हुरड्यापासून कर. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात दुसरं काही शोधायची गरजच नाही. मात्र हुरड्याची घात फार थोडी असते. कणीस दुधात असताना भाजलं तर दाणा पिचून चिकटतो, आणि आठ-दहा दिवस उशीर झाला की तो टणक होतो, मग त्याची भाकरीच करायची. सगळं रान एकदम पेरलंस तर एका शनिवार-रविवारचे लोक खूश होऊन जातील, पुढच्या शनिवारी आलेल्यांना काय वाढशील? म्हणून विहिरीलगतच्या तुकड्याचे पाच-सहा भाग पाड आणि सप्टेंबरपासून आठ-दहा दिवसांच्या फरकाने एकेक पेरत जा. आगाप भागावर पाखरं तुटून पडतील, राखणीला माणूस धर. हुरड्याला गुळभेंडी नाहीतर राहुरी विद्यापीठाची फुले मधुर घे. आगटीतून काढलेलं कणीस हातावर चोळलं की दाणा बोंडातून सहज सुटला पाहिजे. शहरातल्या माणसाला तेच जमत नाही, पोळतं. त्याला चोळायला शिकव. त्या खटपटीसाठीच तो आलेला असतो, वर शेंगाची चटणी आणि दही.

उरलेल्या रानात मालदांडी राहू दे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा उपयोग करून घे. जाताना प्रत्येकाच्या गाडीत पाच किलो पीठ गेलं पाहिजे. खोलीच्या भाड्यापेक्षा हा पैसा खात्रीचा.

आता तुझा तलाव. दहा मीटर लांब, पाच रुंद, सव्वा मीटर खोल धरला तरी बासष्ट हजार लिटरवर पाणी लागतं. एप्रिलात गावात टँकर फिरत असताना तुझे पाहुणे त्यात उड्या मारताहेत, हे गाव किती दिवस खपवून घेईल? मी गावात असतो तर मीही खपवून घेतलं नसतं. तलावावर काट मार. न्हाणीचं सांडपाणी केळी आणि अळूला सोड, खरकटं गुरांना नि खतखड्ड्यात जाऊ दे. स्पीकर नको म्हणून गेटावरच लिही.

स्वयंपाकाचं आधीच बोलून ठेवतो. पन्नास माणसांच्या भाकऱ्या ताई थापत बसली तर मी येऊन चूल विझवीन. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. गावातल्या बचत गटाच्या बायकांना काम दे, भाकरीमागे दर ठरव आणि पैसे त्याच संध्याकाळी हातावर ठेव. शेंगा, दही, गूळ शेजाऱ्यांकडून घे. तुझ्या फाटकात शिरणाऱ्या गाड्यांमुळे त्यांच्याही घरात चार पैसे आले, तर वाटेवरून भांडणं होणार नाहीत.

खोल्या दोनच बांध. गर्दी होणार ती डिसेंबर-जानेवारीत, तीही सुट्टीच्या वारी. एरवी आठही कॉटेजना कुलूप, हप्ता मात्र दर महिन्याला. मधल्या वारांना शाळांच्या सहली घे. पोरांना शेंगा उपटू दे, मोट कशी चालायची ते सांग. आणि आपल्या दावणीला बैल नसताना ती भाड्याची बैलगाडी उभी करू नकोस, नाटकी वाटतं.

बियाण्याचं मी बघतो. तू चैत्र-वैशाखात दर आठवड्याला विहिरीत दोर सोडून किती परस पाणी आहे ते वहीत लिही. तो आकडा हाती आल्याशिवाय बँकेत जाऊ नकोस. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा