सायकल, दारू आणि डोक्याचा मार

२०११ सालची गोष्ट आहे. आमच्या वसाहतीतला एक पहारेकरी पगाराच्या दिवशी थोडी घेऊन सायकलवरून घरी येत होता. वळणावरच्या खडीत चाक घसरून तो पडला. आम्ही चार-पाच जणांनी त्याला उठवले. रक्त फारसे नव्हते, फक्त कानाच्या वर टेंगूळ आले होते. तो आमच्याशी बोललाही. "डोकं दुखतंय," एवढे म्हणाला. कुणी लिंबू आणले, कुणी तोंडावर पाणी मारले आणि "झोपू द्या, उतरेल सकाळी" असे म्हणून आम्ही त्याला घरी पोहोचवले. सकाळी तो उठला नाही.

नेमके काय झाले ते आम्हाला पुढे डॉक्टरांकडून समजले. कानाच्या वरचे, कानशिलाचे हाड कवटीत सर्वांत पातळ असते व त्याच्या आतून एक रोहिणी जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली की कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. कवटी ताणली जात नाही, त्यामुळे दाब मेंदूवरच येतो. विशेष म्हणजे साचण्यास वेळ लागत असल्याने माणूस मध्यंतरी काही तास अगदी शुद्धीवर असू शकतो. मग उलटी, बरळणे, अडखळती चाल, गुंगी सुरू होते. ही सारी लक्षणे दारू प्यायलेल्या माणसाचीही आहेत, आणि इथेच घात होतो. तोंडाला वास आला की बघणाऱ्याचा विचार थांबतो. वेळेवर रुग्णालयात नेले, सीटी स्कॅन झाले, तर शस्त्रक्रियेने ते रक्त काढता येते व माणूस वाचतो.

पंचशीलातील पाचवे शील मद्याला प्रमादाचे कारण म्हणते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. सायकल तर तोलावरच चालते; दारूने प्रथम तोल आणि हाताची चपळाई जाते, पडताना हात पुढे येत नाही आणि डोके आधी आपटते. पण त्या रात्री प्रमाद प्यायलेल्याचा एकट्याचा नव्हता, आम्ही तर शुद्धीवर होतो.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ अन्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असता वाहन चालवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपये झाला. मात्र सायकल ही मोटार वाहन नव्हे, म्हणून ते कलम वा हेल्मेटची सक्ती तिला लागू नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० सालीच सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. आपल्याकडे रात्रपाळीच्या कामगाराने हेल्मेट घातले तर लोक हसतील. हसोत बापडे. आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः दबून मार झेलतो. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट मात्र पुन्हा वापरू नये. मागे लाल दिवा असावा, कारण स्वतः न पिणाऱ्यालाही मागून येणारा पिऊन असू शकतो.

डोक्याला मार लागलेला माणूस प्यायलेला असो वा नसो, त्याला रुग्णालयातच न्यावे. बेशुद्ध असेल तर मान वळवू नये, उलटी झाल्यास सारे अंग एकदम कुशीवर करावे. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पोलिसांच्या झंझटीची भीतीही उरलेली नाही: मदत करणाऱ्यांचे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले व २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी कलम १३४ अ आले.

महिन्याभराने त्याची पत्नी आमच्या काउंटरवर आली, खाते बंद करण्याचा अर्ज घेऊन. अर्ज आम्हीच भरून दिला. तिने काही विचारले नाही. त्या वळणापासून रिक्षा स्टँड दोनशे पावलांवर होता.