मनाची चाकोरी



बैलगाडीच्या वाटेवर पडलेली चाकोरी तुम्ही पाहिली असेल. पहिल्या दिवशी तेथे काही नसते. एक गाडी जाते, माती थोडी दबते. दुसरी गाडी त्याच खुणेवरून जाते. पुढे पुढे चाक रुतेल एवढी खोल घळ पडते. मग गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल त्याच चाकोरीतून गाडी नेतात.

आपल्या मनाचेही असेच आहे. एकच विचार पुन्हा पुन्हा केला की त्याची चाकोरी पडते. चाकोरी चांगली असेल तर ती घरी नेते. वाईट असेल तर चिखलात नेते.

आज अशाच एका वाईट चाकोरीची हकीकत सांगायची आहे. तीत आमचाही दोष आहे. तो आम्ही लपवणार नाही.

एका गृहस्थाची गोष्ट

आमच्या रात्रीच्या वर्गात एक गृहस्थ येऊ लागले. वय चाळिशीच्या पुढचे. बाजारात हमाली करतात. मजुरीच्या पावतीवर काय लिहिले आहे ते आपले आपल्याला वाचता यावे, एवढीच त्यांची इच्छा.

पोते सहज पाठीवर घेणारा हा माणूस, पण पाटीवर पेन्सिल टेकली की घामाघूम होई. 'क' आला, 'म' आला, 'कमळ' आले. जोडाक्षर आले की हात थांबे. पाटी खाली ठेवून ते म्हणत, "गुरुजी, राहू द्या. आपलं डोकं म्हंजे दगड. त्यात काही शिरायचं नाही."

तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा आम्ही विचारले, "अहो, हे तुम्हांला सांगितलं कोणी?"

ते खाली बघून म्हणाले, "तुम्हीच की, गुरुजी. तिसरीत होतो मी. पाढा चुकला तवा समद्या वर्गापुढं म्हणाला होता. पुढच्या सालीच शाळा सुटली."

आम्हांला काही आठवेना. त्या दिवशी आम्ही रागावलो असू आणि घंटा होताच विसरूनही गेलो असू. पण आम्ही एकदा बोललेले वाक्य या माणसाने तीस वर्षे स्वतःशी घोकले होते. पाढे विसरले, अक्षरे विसरली. ते वाक्य तेवढे पाठ राहिले.

आम्ही हात जोडून त्यांची माफी मागितली. पण माफीने चाकोरी बुजत नाही. दुसऱ्या दिवशी जोडाक्षर आले आणि त्यांचा हात थांबलाच. मग आम्ही या विषयाची माहिती मिळवली. ती येथे देत आहोत.

डोके दगड असते का?

मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. या पेशी एकमेकींना निरोप देतात. ज्या पेशी वारंवार मिळून काम करतात त्यांची जोड घट्ट होते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली हा विचार आपल्या पुस्तकात मांडला. आपण जिला चाकोरी म्हटले ती हीच.

वय वाढले की मेंदू बदलत नाही, असा पूर्वी समज होता. तो खोटा ठरला. २००४ साली जर्मनीतील संशोधकांनी काही मोठ्या माणसांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याचा खेळ तीन महिने शिकवला. त्यांच्या मेंदूचा एक भाग वाढलेला दिसला. सराव सोडल्यावर ती वाढ पुन्हा कमी झाली.

दुसरा प्रयोग आपल्याच देशातला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. शिकण्याच्या आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची यंत्राने तपासणी केली. पाहण्याचे काम करणारा मेंदूचा भाग आणि मेंदूतील खोलवरचे भाग यांचा संपर्क वाढलेला दिसला. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. तुम्ही शिकता तीच ही बाराखडी!

हे ऐकून आमचे गृहस्थ म्हणाले, "म्हंजे गुरुजी, दगड न्हाई. मातीच म्हणायची. मळली की घडती."

नवी वाट कशी पाडावी?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात आरन बेक नावाचे डॉक्टर होते. खचलेल्या माणसांच्या मनात काही वाईट विचार आपोआप येतात आणि ती माणसे ते तपासून न पाहताच खरे मानतात, असे त्यांना १९६० नंतरच्या काळात आढळले. त्यांनी रोग्यांना विचार पकडायला आणि पारखायला शिकवले. तीच रीत आम्ही वर्गात सोपी करून घेतली.

१. विचार पकडा. मन खचले की त्या वेळचे वाक्य वहीत जसेच्या तसे लिहा. लिहिता येत नसेल तर मोठ्याने बोला. आमच्या गृहस्थांनी लिहिले, 'माझे डोके दगड.'

२. पुरावा मागा. पंचाने दोन्ही बाजू ऐकाव्या तसे करा. दगडाला 'कमळ' वाचता येते का? बाजारातल्या साऱ्या दुकानांचा हिशेब तोंडपाठ ठेवता येतो का? मग हे वाक्य टिकत नाही.

३. खरे वाक्य लिहा. 'मी फार हुशार' असे लिहू नका. मनाला ते पटत नाही. 'मला जोडाक्षर अजून येत नाही' असे लिहा. 'अजून' हा शब्द लहान आहे, पण तो दार उघडे ठेवतो.

४. लगेच लहानसे काम करा. नुसत्या विचाराने वाट पडत नाही, चालल्याने पडते. रोज ठरल्या वेळी एक जोडाक्षर दहा वेळा गिरवा.

५. खाडा पडला तर पुन्हा सुरू करा. लंडनमध्ये ९६ माणसांवर केलेले एक संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला कितीतरी जास्त लागतील असे दिसले. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा

पहिली गोष्ट. सगळेच दुःख विचारातून येत नाही. विचार बदलल्याने पाऊस पडत नाही आणि कर्जही फिटत नाही. पण खचलेला माणूस मदत मागायलाही उठत नाही. उठण्यापुरते बळ या रीतीने येते.

दुसरी गोष्ट. झोप उडाली, जेवण जाईना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार असतो. त्यात लाज कसली? डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा २०२२ सालापासून आहे. तिचा फोन क्रमांक १४४१६.

शेवटी

जुनी चाकोरी एकदम बुजत नाही. तिच्यावर गवत उगवायला वेळ लागतो. आमचे गृहस्थ आजही कधी कधी 'दगड' म्हणतात. पण मग स्वतःच हसून 'अजून' हा शब्द जोडतात.

परवा त्यांनी खिशातून पावती काढली. तिच्यावर 'रक्कम' असा शब्द होता. त्यांनी 'क्क'वर बोट ठेवले, थांबले आणि वाचले. मग पुढचा आकडा वाचून पैसे मोजले. पैसे बरोबर होते. पण ते बरोबर आहेत हे आज त्यांनी स्वतः पाहिले होते.

आम्हीही एक वही केली आहे. तीत आम्ही रोज एक वाक्य लिहितो, 'तुला हे अजून आले नाही, पुन्हा करू.' कारण बोलण्याची चाकोरी आमचीही होती, आणि तीत लेकरे रुतत होती.

शब्दार्थ
चाकोरी – गाडीच्या चाकांनी पडलेली वाट
घोकणे – पुन्हा पुन्हा म्हणून पाठ करणे
खाडा – कामात पडलेला खंड
पारखणे – खरे-खोटे तपासणे

प्रश्न
१. गृहस्थांचा हात कोणत्या अक्षराशी थांबे? का?
२. 'अजून' या शब्दाने काय फरक पडतो?
३. तुम्ही रागाच्या भरात कोणाला असे वाक्य बोलला आहात का? आज त्याला काय सांगाल?

करून पाहा
तुमच्या मनात वारंवार येणारे एक वाईट वाक्य वहीत लिहा. त्याखाली त्याच्या विरुद्ध दोन पुरावे लिहा. त्याखाली खरे वाक्य लिहा आणि ते आपल्या घरच्यांना वाचून दाखवा.